म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे
आपला लॅब्रॅडॉर नऊ वर्षांचा झाला असून सकाळी उठताना त्याचे मागचे पाय आखडतात, असे आपण सांगितलेत; औषधाआधी त्याचे वजन पाहावे, कारण फासळ्या बोटांना सहज लागत नसतील, तर जादा किलोचा भार दुखऱ्या सांध्यांवरच पडतो. इंदुरात पोहे-जिलबी त्याच्याही वाट्याला येते (आमच्याकडे हे लाड आजोबांचे), ते आधी थांबवावे. गुळगुळीत फरशीवर पाय फाकतात, म्हणून पाण्याच्या भांड्यापर्यंत सतरंजी अंथरावी व नखे वाढू देऊ नयेत. एका लांब फेरीऐवजी दोन-तीन छोट्या फेऱ्या बऱ्या. घरातले आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल मात्र चुकूनही देऊ नये, ते कुत्र्याला विषारी ठरू शकते. वेदनाशामक पशुवैद्यानेच तपासून ठरवावे, आणि महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्यापासून फार दूर नाही.