'फक्त' सोडवून बघत नाही

*ताई, पुढच्या सत्रात क्वांटम मेकॅनिक्स आणि लिनिअर अल्जेब्रा एकदम घेऊ का? सर म्हणतात झेपणार नाही, मैत्रीण म्हणते बिनधास्त घे. विचार करून करून झोप उडाली आहे. तसे विषय मला समजतात. सिनिअरने दिलेल्या फाईलमधली उत्तरं वाचली की सगळं पटतं, फक्त स्वतः सोडवायला वेळ मिळत नाही. – द्विधा*

अगं द्विधा, सरांबद्दल लिहिलंस, मैत्रिणीबद्दल लिहिलंस, झोपेचंही रडगाणं गायलंस, आणि खरी गोष्ट 'फक्त' म्हणून शेवटी उरकलीस! छापलेलं उत्तर पटणारच. पटावं म्हणूनच ते तसं लिहितात. लिहिणाऱ्याने आधी किती कागद फाडले ते त्यात दिसत नाही, आणि शिकणं त्या फाडलेल्या कागदांतच असतं. या सवयीने तू एकच विषय घेतलास तरी बुडशील.

विषयांचं म्हणशील तर लिनिअर अल्जेब्राचं गणित आणि क्वांटम मेकॅनिक्सची भौतिकी एकमेकांचं काम हलकं करतात. वरच्या ओळीत ०, १ आणि खालच्या ओळीत १, ० अशी मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांची चौकट, मांड, तिच्या आयगेनव्हॅल्यू, म्हणजे काही दिशांना न वळवता ती ज्या पटीने नुसतं ताणते ते आकडे, काढ. +१ आणि −१ येतील. गणिताच्या तासाला विषय संपला. भौतिकीच्या तासाला तीच मॅट्रिक्स इलेक्ट्रॉनच्या एका दिशेतल्या स्पिनची, म्हणजे त्याच्या अंगच्या चुंबकासारख्या गुणाची, असते, आणि स्पिन मोजला की दोनच उत्तरं का मिळतात, ते या दोन आकड्यांत दडलेलं असतं. फाईल न उघडता हे जमतंय का बघ.

कुणी म्हणेल, 'आधी गणित पुरं होऊ दे', तर तेही मला पटत नाही. १९२५ मध्ये क्वांटम मेकॅनिक्सचा पाया घालणाऱ्या हायझेनबर्गला मॅट्रिक्स ठाऊकच नव्हत्या. आपल्या आकडेमोडीत गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलतं, हे बघून तो बेचैन झाला होता; ही तर मॅट्रिक्सच्या गुणाकाराची रीत, हे ओळखलं त्याच्या वरिष्ठाने, मॅक्स बॉर्नने. पण जर्मनीच्या हेल्गोलँड बेटावर मध्यरात्र उलटून जाईपर्यंत आकडेमोड करत बसला होता तो स्वतःच. त्याच्याकडे कुणा सिनिअरची फाईल नव्हती.

तेव्हा दोन्ही घे. मात्र नाव नोंदवायच्या आधी, आजच, ती फाईल पुसून टाक. मैत्रिणीकडे 'ठेवायला' देऊ नकोस, रात्री अकरा वाजता परत मागशील. आणि वेळ मिळत नाही म्हणतेस ना? उत्तरं वाचण्यात जात होता तो मिळाला की आता.