विद्यापीठातल्या बायोमेडिकल प्राध्यापकांसाठी संशोधन निधी शोधायला सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की नवी मुंबईतल्या एका खासगी विद्यापीठाच्या संशोधन विभागात नुकतेच रुजू झालात, मेडिकल आणि बायोटेकच्या प्राध्यापकांसाठी ग्रँट शोधायचं काम गळ्यात पडलंय, आणि सगळ्या योजनांची एकत्र यादी हवी आहे.

नेरूळ-बेलापूर पट्ट्यात हेच काम मी काही वर्षं करतोय. पहिल्या वर्षी मीही यादीच केली होती. रंगीबेरंगी एक्सेल, दर सोमवारी सगळ्यांना मेल. वर्षभरात आलेली उत्तरं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातलं एक 'मला या मेलमधून वगळा' असं.

मग मेल बंद केले आणि विभागांत जाऊन बसायला लागलो. प्रत्येकाला तीनच गोष्टी विचारतो. नोकरी कायम आहे की कंत्राटी? पीएचडी किंवा एमडी कधी झाली? आणि डीप फ्रीजरमध्ये आत्ता काय पडलंय?

पहिल्या दोन उत्तरांतच अर्धी यादी गळून पडते. आयसीएमआरचे (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) एक्स्ट्राम्युरल, म्हणजे बाहेरच्या संस्थांना पैसे देणारे प्रकल्प साधारणपणे कायम नोकरीतल्यांसाठी. विज्ञान संशोधनाला निधी देणाऱ्या जुन्या एसईआरबी या सरकारी मंडळाची जागा आता एएनआरएफ या नव्या राष्ट्रीय संशोधन संस्थेने घेतली आहे (कायदा २०२३चा), तिथे नुकत्याच लागलेल्या तरुण प्राध्यापकांसाठी वेगळी अर्ली करिअर ग्रँट आहे. नोकरी कायम नसेल तर इंडिया अलायन्सची अर्ली करिअर फेलोशिप बघा. हा डीबीटी (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) आणि ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टचा एकत्र उपक्रम. यात फेलोचा पगारही ग्रँटमधूनच येतो. एमडी झालेल्या डॉक्टरांसाठी त्यांचाच क्लिनिकल आणि पब्लिक हेल्थचा मार्ग वेगळा आहे. आपल्याकडचे डॉक्टर तिकडे फिरकतच नाहीत, का ते मला अजून कळलेलं नाही. आणि कोणी उपकरणाची कल्पना घेऊन आला तर बायरॅकची (डीबीटीचीच, बायोटेक उद्योगांना मदत करणारी सरकारी कंपनी) 'बिग' नावाची ग्रँट, ५० लाखांपर्यंत. पण ती स्टार्टअपसाठी असते, विद्यापीठाच्या खात्यात येत नाही. हे त्यांना पहिल्याच भेटीत सांगा.

फ्रीजरचा प्रश्न मात्र गमतीने विचारत नाही. अर्ज तपासणाऱ्या परीक्षकांना थोडा तरी पायलट डेटा, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीचे निष्कर्ष लागतात, आणि ते बऱ्याचदा आधीच्या एखाद्या एमडी थीसिसच्या, फ्रीजरमध्ये उरलेल्या सीरममधून (रक्ताच्या नमुन्यांतून) मिळतात. फक्त त्या रुग्णांच्या संमतीपत्रात नमुने पुढे वापरायची परवानगी आहे ना, ते बघून घ्या.

आता आपल्याच घरातली कुलुपं. संस्थेला डीएसआयआरची (केंद्राचा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभाग) सायरो, म्हणजे संशोधन संस्था म्हणून मान्यता आहे का आणि तिची मुदत कधी संपते? खासगी संस्थांना ती बऱ्याच सरकारी योजनांत मागतात. परदेशी पैशाचं स्वप्न असेल तर चालवणाऱ्या ट्रस्टची एफसीआरए (परदेशी देणग्या घेण्याचा कायदा) नोंदणी आहे का, ते आधी लेखा विभागाला विचारा, आणि परदेशी सहकार्याच्या प्रकल्पाला आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी लागते हेही धरून चाला. एथिक्स कमिटीची (माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणारी संस्थेची समिती) मंजुरी निधी देणाऱ्यांपैकी काही जण अर्जासोबत मागतात, काही जण पैसे सोडण्याआधी. कमिटी तीन महिन्यांनी एकदा बसत असेल तर दोन्हीकडे अडकणार तुम्हीच.

आमचा एक चांगला अर्ज याहून फालतू कारणाने गेला. मुदत नेमकी गणपतीत. संस्थेचं सही-शिक्क्याचं पत्र हवं, आणि कुलसचिव गौरी विसर्जनापर्यंत गावी. दुसऱ्या कोणाला सहीचा अधिकारच दिलेला नव्हता. शिक्का आमच्या कपाटात, सही देवगड तालुक्यात. रात्री बाराला पोर्टल बंद झालं. त्यानंतर दोघांच्या नावे सहीचा अधिकार करून घेतला.

बजेट स्वतः वाचा, विज्ञान कळत नसलं तरी. एका मॅडमनी २०० नमुन्यांसाठी एलायझा या रक्तचाचणीचे दोन किट लिहिले होते. एका किटमध्ये एक प्लेट, तिला ९६ खाचा. स्टँडर्ड आणि कंट्रोलच्या १६ गेल्या की ८० उरतात, प्रत्येक नमुना दोनदा लावायचा म्हणजे ४० नमुने. किट लागणार पाच! असलं बजेट बघितलं की परीक्षक ओळखतो, यांनी काम कधी हाताने केलेलं नाही. तसंच जेआरएफचे (प्रकल्पावरच्या कनिष्ठ संशोधकाचे) महिन्याचे ३७,००० लिहून त्याचा घरभाडे भत्ता विसरणारे दरवर्षी एक-दोन भेटतातच.

महागड्या मशीनसाठी अर्ज करण्याआधी आजूबाजूला बघा. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं कर्करोग संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक आहे, परळला आयसीएमआरची प्रजनन आणि बालआरोग्य संशोधन संस्था आहे. त्यांच्याकडे यंत्रं, आपल्या ओपीडीत रुग्ण. सहसंशोधक म्हणून तिथलं कोणी आलं की प्रस्तावाला वजन येतं. मात्र मुदतीच्या आठवड्यात फोन करून 'सर, नाव घालू का' विचारू नका.

छोटे पैसेही सोडू नका. एमबीबीएसच्या मुलांसाठी आयसीएमआरची एसटीएस ही अल्पमुदतीची संशोधन शिष्यवृत्ती आहे, आणि रक्ताच्या कर्करोगावर काम करणारं कोणी असेल तर लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट, १९३२पासूनचा.

यादी हळूहळू होईल. उद्या एथिक्स कमिटीच्या सचिवांकडे जाऊन वर्षभराच्या बैठकांच्या तारखा मागा. 'अजून ठरल्या नाहीत' असंच म्हणतील. तिथेच बसा, कॅलेंडर पुढे करा आणि मे महिना आणि गणपती सोडून निदान सहा तारखांवर गोल करून घ्या.