दरिद्र म्हणजे मुळात कोण?

समाजकार्याचं शिक्षण घेणाऱ्या एका मुलीनं विचारलंय: बीडकडच्या ऊसतोड कामगारांवरच्या अहवालात 'गरीब कुटुंब' लिहू की 'दरिद्री कुटुंब'? आणि 'दारिद्रय' बरोबर की 'दारिद्र्य'?

दुसरं आधी संपवतो. दारिद्र्य. 'द्र'ला 'य' जोडायचा. 'दारिद्रय रेषा' कितीही फलकांवर दिसली तरी ती चूकच.

'दरिद्री' अहवालात नको. संस्कृतात 'दरिद्र' हे विशेषणच आहे, वर आणखी 'ई' कशाला? ('नीरोग'चं 'निरोगी' झालं, त्यातलाच प्रकार.) रूपाचं एक वेळ चालवून घेईन, वापराचं नाही. 'दरिद्री माणसं, पोरींची लग्नं लवकर उरकतात, पोरं शाळेत टिकत नाहीत,' असं शिकलेले लोक सर्रास बोलतात. परिस्थितीचा शब्द स्वभावाला चिकटवला की मजूर पुरवणाऱ्या मुकादमाचा हिशेब कुणी विचारत नाही.

आता मूळ बघा. संस्कृतात धातूची, म्हणजे क्रियापदाच्या मुळाची, द्विरुक्ती केली की क्रिया पुन्हापुन्हा घडते असाही अर्थ येतो. 'चल्'पासून 'चंचल' झाला, तसा 'द्रा' म्हणजे धावणे, यापासून 'दरिद्र'. सारखा इकडून तिकडे फिरणारा! धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या अर्थासह दिलेल्या यादीत, 'दरिद्रा दुर्गतौ' वाचून 'दुर्गती म्हणजे दैन्य' असं सांगून मोकळे होणारे पंडित मला पटत नाहीत. त्या दुर्गतीतली 'गती' कुठे गेली? यजुर्वेदातल्या रुद्र या स्तोत्रात 'द्रापे अन्धसस्पते दरिद्रन् नीललोहित' अशी हाक आहे. तिथे पुष्कळ जण 'जवळ काही न ठेवणारा' असा अर्थ लावतात. रानावनात हिंडणाऱ्या रुद्राला 'भटकणाऱ्या' अशी हाक सरळ लागू पडत असताना हा वळसा कशासाठी? मोनियर-विल्यम्सच्या संस्कृत-इंग्रजी कोशानंही फिरण्याचाच अर्थ आधी दिला आहे. (आपलं 'दळिद्र' प्राकृतातून आलं. ज्या नियमानं हरिद्रेची हळद झाली, त्याच नियमानं 'र'चा 'ल' आणि पुढे 'ळ' होऊन.)

आणि 'गरीब'? तो अरबी. तिथे त्याचा अर्थ परका, घरापासून दूर असलेला. निर्धनाला अरबीत 'फकीर' म्हणतात. म्हणजे दोन वेगळ्या कुळांतले शब्द घर सुटलेल्या माणसावरून निर्धनावर आले. माझं मत असं की हा योगायोग नाही. बिऱ्हाड हलतं राहिलं की माणूस गरीब होतो आणि गरीब झाला की पुन्हा हलवला जातो, हे दोन्हीकडच्या लोकांनी पाहिलं होतं.

बीडमध्ये आजही तेच दिसतं. दसरा-दिवाळीला मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, अंगावर घेऊन कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. हिशेबात नवरा-बायको मिळून 'एक कोयता', एकटा माणूस 'अर्धा कोयता'. उचल मिळते ती कोयत्यावर. एक दिवस आजारपणात गेला तर खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, कापला जातो. उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामालाही त्याच मुकादमाकडे. वयात आलेल्या मुलीला गावात म्हाताऱ्यांजवळ ठेवायची भीती, उसाच्या फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, न्यायचीही भीती, आणि तिकडे सासरच्यांना अर्ध्याचा पूर्ण कोयता हवा असतो. बालविवाहाच्या मागे हे गणित असतं. सोबत नेलेली थोरली पोर कोपीत धाकट्याला सांभाळते, तिची शाळा ऐन वर्षाच्या मधे सुटते. याला 'दरिद्री सवयी' म्हणणं हा त्या कुटुंबावर अन्याय आहे.

म्हणून बाई, 'गरीब कुटुंब' खुशाल लिहा, पण तेवढ्यावर थांबू नका. उचल किती, कुणाकडून, मागच्या हंगामाची किती फिटली, मुलं कुणाजवळ राहिली, हंगामी वसतिगृह मिळालं का, हे प्रत्येक घराचं वेगळं लिहा. आणि कोयता, खाडा, कोपी हे शब्द त्यांचे आहेत तसेच ठेवा. मार्गदर्शक 'प्रमाण भाषेत लिहा' म्हणाले, तरी बदलू नका.