बाग तारण ठेवण्याआधी

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. गोव्यातल्या मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून बांदा-सावंतवाडी पट्ट्यातली पोरं विमानाच्या नोकरीची स्वप्नं बघू लागली आहेत, आणि मला त्याचं मनापासून कौतुक वाटतं. हयातभर विमानांच्या देखभालीचं काम केल्यावर वेंगुर्ल्यात येऊन राहिलेल्या माणसाला यापेक्षा गोड बातमी कुठली? पण तू विचारलंस ते वेगळं आहे. मुंबईतली संस्था विमानतळावरच्या कामाचा कोर्स केला की ‘शंभर टक्के नोकरी’ म्हणते आणि त्या कोर्ससाठी बाबा कलमांची बाग तारण ठेवायला तयार आहेत. याला हो किंवा नाही म्हणण्याआधी तू जेट एअरवेजची हकिकत नीट समजून घ्यावीस असं मला वाटतं. मी त्या कंपनीत कधी नव्हतो. पण या धंद्यातल्या प्रत्येकाने ती अभ्यासावी अशी आहे.

१९५३च्या कायद्याने देशातली विमानवाहतूक सरकारी झाली होती. नव्वदीच्या सुरुवातीला खासगी कंपन्यांना वाट मिळाली आणि ५ मे १९९३ रोजी भाड्याने घेतलेल्या चार बोइंग ७३७ विमानांवर नरेश गोयल यांची जेट सुरू झाली. ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, एनईपीसी याही त्याच सुमारास आल्या आणि नव्वदचं दशक सरायच्या आत मिटल्या. जेट टिकली, कारण विमान वेळेवर सुटायचं आणि प्रवाशाला मान मिळायचा. हे श्रेय तिच्या माणसांचं आहे.

घसरण मला २००७पासून दिसते. त्या वर्षी जेटने १,४५० कोटींना एअर सहारा घेतली. बोइंग ७७७सारखी मोठी विमानंही त्याच वर्षी आली. पुढच्या वर्षी तेलाने पिंपामागे १४० डॉलरची पातळी ओलांडली आणि जगभर मंदी आली. ऑक्टोबर २००८मध्ये सुमारे १,९०० जणांना कामावरून काढल्याचं जाहीर झालं, ओरड झाली आणि लगेच परतही घेतलं. नोकरी राहिली, पण ती किती कच्च्या धाग्यावर लटकते आहे ते त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं.

आता माझ्या कामातली गोष्ट सांगतो, कारण वर्तमानपत्रं ती कमी सांगतात. २००६मध्ये आलेल्या इंडिगोने बरीच वर्षं एकाच जातीची विमानं उडवली. जेटकडे बोइंग ७३७ होती, ७७७ होती, एअरबस ए३३० होती आणि छोटी एटीआरही. प्रत्येक जातीचे सुटे भाग वेगळे, हत्यारं वेगळी, वैमानिकाचं प्रशिक्षण वेगळं. ७३७ उडायला योग्य आहे अशी सही करणाऱ्या इंजिनिअरला ए३३०वर सही करता येत नाही, लायसन्सवर त्या जातीची वेगळी नोंद लागते. हँगरमध्ये माणसं असतात आणि तरी विमान उभं राहतं. उभं विमान एक पैसा मिळवत नाही, भाडं मात्र डॉलरमध्ये चालूच. तिकीट विकायचं रुपयात. २०१८मध्ये डॉलर ७४ रुपयांवर गेला तेव्हा काय झालं असेल याचा अंदाज कर. त्यात मुंबईत विमानाच्या इंधनावर राज्याचा कर तेव्हा २५ टक्के होता.

आणि मुख्य मुद्दा रोकडीचा. मोहर यायच्या आधीच वाशीच्या दलालाकडून उचल घेणारा बागायतदार तू आपल्याच गावात पाहिला आहेस. विमान कंपनी दररोज तेच करते. दिवाळीच्या तिकिटाचे पैसे जूनमध्ये येतात आणि मागच्या महिन्याच्या इंधनाच्या बिलात जातात. म्हणून गल्ला भरलेला दिसत असताना कंपनी आतून रिकामी असू शकते. जेटने एकेक गोष्ट विकून दिवस काढले: २०१३मध्ये लंडनच्या हीथ्रोवरच्या उतरण्याच्या वेळा ७ कोटी डॉलरना अबुधाबीच्या एतिहाद विमान कंपनीला दिल्या, त्याच कंपनीला २४ टक्के हिस्सा सुमारे २,०५८ कोटींना विकला, पुढच्या वर्षी जेटप्रिव्हिलेजचा, म्हणजे नेहमीच्या प्रवाशांना गुण देणाऱ्या योजनेचा, निम्म्याहून जास्त वाटाही गेला. यातून उत्पन्नाचं नवं साधन एकही उभं राहिलं नाही.

मार्च २०१९मध्ये गोयल पायउतार झाले. १७ एप्रिलच्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेलं विमान शेवटचं ठरलं. पगार आधीच थकले होते आणि मागे वीसेक हजार माणसं राहिली. कंपनी पुन्हा उभी करण्याचा आराखडा २०२१मध्ये मंजूर झाला, तोही फळला नाही. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मालमत्ता विकून कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. साडेपाच वर्षं वाट पाहणाऱ्या त्या घरांचा विचार मनात आला की मला आजही वाईट वाटतं.

मग कोण सावरलं? ज्यांचं कौशल्य त्यांच्या स्वतःच्या नावावर नोंदलेलं होतं त्यांना दुसरं दार लवकर उघडलं. विमान देखभालीचं लायसन्स डीजीसीए, म्हणजे केंद्र सरकारचं नागरी विमानवाहतूक महासंचालनालय, तुझ्या नावावर देतं. कंपनी बुडाली तरी ते बुडत नाही. मात्र तेही जपावं लागतं: सही करण्याचा अधिकार चालू ठेवायला मागच्या दोन वर्षांत किमान सहा महिन्यांचा कामाचा अनुभव लागतो. म्हणून वाईट काळातही हात चालू ठेवणाराच टिकतो.

मुंबईतल्या त्या संस्थेच्या कोर्सवर असं कुठलंही लायसन्स मिळत नाही. विमानतळावर काउंटरला किंवा सामानाच्या पट्ट्यावर नोकरी मिळाली तर ती कंपनी स्वतःच तुला शिकवते. त्या कामात कमीपणा काहीच नाही; मोपावर तशी जागा निघाली तर जरूर अर्ज कर. पण त्यासाठी बाग गहाण ठेवू नका. ‘शंभर टक्के’ म्हणणाऱ्याला विचार, गेल्या वर्षीची मुलं आज कुठे आहेत, त्यांच्याशी बोलू द्याल का? आणि आपल्या सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेव. केंद्राच्या उडान योजनेतलं तीन वर्षांचं अनुदान संपलं तशी २०२४मध्ये मुंबईची सेवा थांबली. आपल्या भागातली नोकरी किती विमानं येतात यावर ठरणार आहे.

तुला बारावीला भौतिकशास्त्र, रसायन आणि गणित होतं. विमान देखभालीच्या अभ्यासक्रमाला तेच लागतं. मान्यताप्राप्त संस्थांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर आहे. त्यात नाव नसेल त्या संस्थेत पाऊल टाकू नकोस. यादीतल्या संस्थेचीही फी थोडी नाही, तेव्हा शैक्षणिक कर्जाचे नियम आधी बँकेत विचारून घे. मेकॅनिकल बाजू घ्यायची तर बी-१ प्रकारचं लायसन्स आणि इलेक्ट्रॉनिक्सची घ्यायची तर बी-२. तुझा कल मला बी-२कडे वाटतो, पण ते तू ठरव.

रविवारी गुणपत्रिका घेऊन ये, यादी आपण एकत्र बघू. बाबांनाही आण. बागेचं बोलणं त्यांच्यासमोरच झालेलं बरं.

तुझा,
काका
वेंगुर्ला