रविवार नव्हता, बुधवार होता

तुमचा प्रश्न असा: नोकरी सोडून घरबसल्या मराठी मुद्रितशोधन, म्हणजे प्रूफरीडिंग, केलं तर पोट भरतं का, आणि आता एआय शुद्धलेखन तपासतं म्हटल्यावर या कामात काही राम उरलाय का?

पहिल्याचं उत्तर: नुसत्या पुस्तकांवर नाही भरत. दुसऱ्याचं जरा लांबेल, कारण त्यात माझं एक जुनं भांडण आहे.

२०१९ची गोष्ट. एका निवृत्त इंजिनिअरांच्या आठवणी, २०८ पानं म्हणजे सोळा-सोळा पानांचे तेरा फर्मे, पानाला १८ रुपये, दोन वाचनं त्यातच. पहिलंच प्रकरण पानशेत धरण फुटून पुण्यात आलेल्या पुराचं. तारीख बरोबर होती, १२ जुलै १९६१. पुढे मात्र, 'रविवारची सुट्टी असल्याने मी घरीच होतो.' मी अडखळले. आमचं घर नारायण पेठेत. सासूबाई दर पावसाळ्यात तो पूर सांगतात आणि त्यांच्या गोष्टीत त्यांचे वडील सकाळीच डबा घेऊन कचेरीत गेलेले असतात. रविवारी कोण डबा घेऊन जातं? मोबाइलवर कॅलेंडर मागे नेलं. बुधवार. समासात पेन्सिलीनं लिहिलं, '१२/७/६१ बुधवार येतो. लेखकांना विचारावे.'

प्रकाशकांचा फोन आला. "मॅडम, तुम्ही काना-मात्रा बघा हो. वार-बिर लेखकाचं काम." लेखकांना त्यांनी विचारलंच नाही. पुस्तक छापून आलं.

प्रकाशनाला मला बोलावलं होतं, मी तिसऱ्या रांगेत. भाषणं झाल्यावर एक आजोबा उठले आणि म्हणाले, "पुस्तक छान आहे, पण त्या दिवशी बुधवार होता. आमच्या घरात गळ्याइतकं पाणी होतं, मी वार विसरेन का?" लोक हसले. लेखकांचा चेहरा उतरला. आणि आमचे प्रकाशक माइक घेऊन म्हणतात, "काय आहे, हल्ली चांगले प्रूफरीडर मिळत नाहीत." माझ्या हातात पेढा होता. तो तसाच पर्समध्ये टाकला आणि घरी आले. रात्री त्या पेन्सिलीच्या खुणेचा फोटो काढून प्रकाशकांना पाठवला. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. बिल सात महिन्यांनी मिळालं, तेही टीडीएस कापून.

तेच गृहस्थ आता मजकूर आधी एआयमधून काढतात आणि मला म्हणतात, "झालंच आहे, फक्त एक नजर टाका", पानाला ८ रुपये. म्हणून मी ते जुनं पान एआयला घालून पाहिलं. 'पाणि' लिहिलं होतं त्याचं 'पाणी' केलं, 'गरीबाला'चं 'गरिबाला' केलं. रविवार रविवारच राहिला. दुसऱ्या एका कादंबरीत म्हातारीच्या तोंडचं 'म्या' त्यानं सगळीकडे 'मी' करून टाकलं होतं. भाषा शुद्ध झाली आणि म्हातारी गेली. ते सगळे 'म्या' मी हातानं परत बसवले, त्याच ८ रुपयांत. हा माझा मूर्खपणा, तुम्ही करू नका.

१९६२चे चौदा आणि १९७२चे चार, असे शुद्धलेखनाचे अठरा नियम तुम्हाला येतात असं धरून चालते. ते येणं ही लायकी नाही, तो नुसता प्रवेश आहे. ज्याला वाचताना शंका येत नाही त्यानं या धंद्यात पडू नये. आणि शंका लेखी कळवायची, ईमेलवर, लेखकाला प्रत टाकून. समासातल्या पेन्सिलीवर विसंबून मी फसले. कुणी म्हणालं की 'मजकुरात नाक खुपसू नका', तर ते वाक्यही ईमेलवर मागून घ्या.

कामं कुठली घ्यायची? बँकांचे वार्षिक अहवाल, औषधांची माहितीपत्रकं, पाठ्यपुस्तकांचं भाषांतर. रुक्ष, पण पैसे वेळेवर येतात. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या फायलीला जादा दर लावा. त्यात 'ऱ्या' हमखास फुटतो आणि तो शोधण्यात डोळे जातात. २०२०च्या टाळेबंदीत छापखाने बंद पडले तेव्हा माझ्या नऊ दिवाळी अंकांपैकी तीनच निघाले, त्या वर्षी मला माहितीपत्रकांनीच तारलं.

आता जरा न्यायानं. एआय मीही वापरते. सुटलेला अनुस्वार, दोनदा पडलेला शब्द, उघडून न मिटलेलं अवतरणचिन्ह हे त्याला माझ्याआधी दिसतं, संध्याकाळी सहानंतर तर नक्कीच. आणि वर सांगायला हवं होतं ते आत्ता सांगते: माझे यजमान नोकरीत आहेत आणि घर सासऱ्यांचं आहे. मला घरभाडं भरावं लागलं असतं तर हे उत्तर मी एखाद्या ऑफिसातल्या खुर्चीतून लिहिलं असतं. त्यामुळे निदान सहा महिने नोकरी सांभाळून रात्रीची कामं करून बघा.

दिवाळी अंकांचं काम हवं असेल तर संपादकांना जूनमध्ये गाठा. ऑगस्टपर्यंत सगळं वाटून झालेलं असतं.