बायपासनंतरचा व्यायाम व्हिडिओ कॉलवर चालेल का, की दवाखान्यातच जायला हवं?

वडिलांची बायपास होऊन महिना झाला, गाव फलटणजवळ आणि आठवड्यातून तीनदा पुणे गाठणं अशक्य, असं तुम्ही लिहिलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, याच रुग्णांबरोबर काम करते. माझं मत विचाराल तर पहिली तपासणी दवाखान्यात करा, पुढचं बरंचसं घरी होईल.

घरचा व्यायाम कमअस्सल मानायचं कारण नाही. फार जोखीम नसलेल्या रुग्णांत घरच्या आणि दवाखान्यातल्या व्यायामाच्या परिणामांत फारसा फरक नसल्याचं कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्यांत दिसलंय. पण टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ईएफ (हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) 40 च्या खाली असेल, चालताना छाती भरून येत असेल किंवा ठोके अनियमित असतील, तर सुरुवात ईसीजीच्या देखरेखीखालीच व्हायला हवी. तिथे अंतराची सबब चालत नाही.

दवाखान्यात सहा मिनिटं चालायची चाचणी करून घ्या. किती मीटर चालले, नाडी-बीपी किती झालं, धाप किती लागली, हे लिहून घ्या आणि तो कागद व्हिडिओवरच्या फिजिओला पाठवा. मनगटावरच्या घड्याळावर विसंबू नका. मेटोप्रोलॉलसारखी ठोके मंदावणारी गोळी चालू असेल तर नाडी फारशी वाढत नाही; आकडा कमी दिसतो आणि माणूस दमलेला असतो.

त्यात आपली वडीलमंडळी ‘काही त्रास नाही’ म्हणण्यात पटाईत! म्हणून मी जागेवर चालता चालता त्यांना काल काय जेवलात ते सांगायला लावते. भाजीचं नाव सांगून आमटीपाशी श्वासाला थांबले, की वेग कमी. फोन असा ठेवा की डोक्यापासून पावलांपर्यंत दिसेल. बायपाससाठी ज्या पायातली शीर काढली त्याची सूज नाहीतर नजरेतून सुटते. आणि घरातलं कुणीतरी शेजारी उभं हवंच.

ऑपरेशनमध्ये कापलेलं छातीचं हाड नीट जुळतंय का, हे कॅमेऱ्यातून मला हाताने तपासता येत नाही. खोकताना किंवा कूस बदलताना तिथे कट्कन वाजलं, तर व्यायाम थांबवून सर्जनना दाखवा. पाण्याची बादली, पोतं, दुचाकी हे सगळं ते हो म्हणेपर्यंत बंद.

रोज सकाळी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं किंवा आडवं झाल्यावर धाप लागली, तर पुढच्या कॉलची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.