हे लेबल लावून कोण शोधणार?

प्रिय मित्रा,

ट्रॅकरसाठी, म्हणजे सॉफ्टवेअरमधले बग आणि कामं ('इश्यू') नोंदवायच्या जागेसाठी, तू केलेली लेबलांची यादी पाहिली. मेहनत दिसते, पण त्यातली निम्मी लेबलं मी आजच काढून टाकीन. प्रत्येक लेबलापाशी थांबून विचार कर: याचा फिल्टर लावून कोण बघणार, आणि कशासाठी? उत्तर सुचलं नाही तर ते नको. तुझं 'महत्त्वाचं' हे लेबल त्यातलंच. थोड्याच दिवसांत ते निम्म्या इश्यूंवर चिकटेल आणि मग त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघणार नाही.

शिवाय इश्यूचा प्रकार, तो कोडच्या कुठल्या भागातला आणि काम कुठे अडलंय, या तिन्हींची तू सरमिसळ केली आहेस. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रकल्पात लेबलांना आद्याक्षरं असतात: 'ए' म्हणजे भाग, 'सी' म्हणजे प्रकार, 'पी' म्हणजे प्राधान्य, 'एस' म्हणजे स्थिती. गिटलॅब या कोड ठेवायच्या साइटवरच्या स्कोप्ड, म्हणजे गटात बांधलेल्या, लेबलांची सोय तर मला फार आवडते. गटातलं नवं लेबल लावलं की जुनं आपोआप निघतं, त्यामुळे एकच इश्यू एकाच वेळी 'तातडीचा' आणि 'सवडीने' असा राहूच शकत नाही.

सिव्हिरिटी (बिघाड किती गंभीर) आणि प्रायॉरिटी (आधी काय हातात घ्यायचं) मात्र वेगळ्याच ठेव. लॉगिनच्या पानावर क्लायंटचं नाव चुकलं तर बिघाड काहीच नाही, पण उद्या डेमो असेल तर तेच आधी हातात घ्यावं लागतं. उलट, कुणीच वापरत नसलेल्या जुन्या ब्राउझरवर ॲप क्रॅश होत असेल तर सिव्हिरिटी मोठी, तरी ते काम मागे ठेवता येतं. बग किती गंभीर आहे ते टेस्टरने सांगावं. रांग टीमने लावावी. यावरून वाद होतील, होऊ देत.

'गुड फर्स्ट इश्यू' (नवख्याने पहिल्यांदा घ्यावं असं काम) हे लेबल गिटहब, म्हणजे गिटलॅबसारखीच साइट, आयतंच देतं, म्हणून दिसेल त्या सोप्या इश्यूवर ते डकवू नकोस. कुठली फाइल उघडायची आणि काम कुठे संपतं हे इश्यूत लिहिलं असेल तरच लाव. नाहीतर नवखा माणूस दोन दिवस चाचपडतो आणि पुन्हा फिरकत नाही.

आता साफसफाई. गिटहबवर लेबलाचं नाव बदललं तर जुन्या इश्यूंवरही नवं नाव येतं. डिलीट केलं तर ते सगळ्या इश्यूंवरून निघून जातं. म्हणून 'बग' आणि 'दोष' एकत्र करताना आधी 'दोष'चा फिल्टर लाव, ते सगळे इश्यू निवडून त्यांना 'बग' लाव, आणि मगच 'दोष' उडव. सोमवारी लेबल नसलेले इश्यू घेऊन बसू. तोवर रंग निवडण्यात वेळ घालवू नकोस.